आपल्या वह्यांचं पुस्तक

(शताब्दी सोहळ्यात प्राथमिक शाळांतील मराठी शिक्षिकांच्या वतीने केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या पुढे 'नवीन पुस्तके आणि समाजाचे कार्यक्रम' असा विषय छापला आहे. वेळ पंधरा मिनिटांचा आहे. आम्ही शाळेतल्या बाया, घंटेच्या हिशोबाने बोलतो, त्यामुळे काळजी नसावी.

आगमनाची शताब्दी म्हटलं की आम्हाला आधी एक गोष्ट मुलांना समजावून सांगावी लागते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून कलकत्त्याचे छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. तो दिवस आपण सगळे मॉरिशसवासी सुट्टी घेऊन पाळतो. पण आपली माणसं आली मुंबई बंदरातून, कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांतून, आणि ती एका दिवशी आली नाहीत. कोणाचे खापर पणजोबा आधी आले, कोणाचे पुष्कळ नंतर. त्यामुळे प्रत्येक घराची शंभरी वेगळ्या साली भरते, कित्येकांची तर दीडशे उलटून गेली. आज आपण ती सगळ्यांची मिळून साजरी करतो आहोत, आणि हे आम्हाला आवडलं.

आता पुस्तकांकडे वळू. आपल्या पूर्वजांवर पुस्तकं लिहिली जात नाहीत अशी तक्रार आपल्या बैठकांत नेहमी ऐकू येते. ती खरी नाही. अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' ही हिंदी कादंबरी १९७७ साली आली आणि पुढे तिचं फ्रेंच भाषांतरही झालं. भारतातून अमिताव घोष यांनी २००८ साली 'सी ऑफ पॉपीज' लिहिली, तीत तर आख्खं जहाज भरून माणसं आपल्या बेटाकडे निघाली आहेत. आपल्याच बेटावर जन्मलेल्या नताशा अप्पाना यांनी पहिली कादंबरी लिहिली ती करारबद्ध मजुरांवर, २००३ साली. आणि वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, 'ला मेम्वार देलावे' या पुस्तकात त्या पुन्हा तिथेच वळल्या, या वेळी स्वतःच्या घराकडे. त्यांचं घराणं तेलुगू. १८७२ साली त्यांचे पूर्वज इथे उतरले आणि उतरताच प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. त्या क्रमांकांपासून आपल्या आजी-आजोबांपर्यंत त्या कशा येतात, ते त्या पुस्तकात आहे. जाड पुस्तक नाही. ज्यांना फ्रेंच सहज वाचता येतं, म्हणजे या सभागृहातल्या बहुतेकांना, त्यांनी ते जरूर वाचावं. 'ते आपलं नाही, तेलुगू लोकांचं आहे' असं म्हणू नये. जहाजातून उतरताना आपल्या आणि त्यांच्या माणसाच्या अंगावर सारखीच धूळ होती, आणि पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्याही त्याच होत्या.

या पुस्तकातली क्रमांकांची गोष्ट आम्ही सहावीच्या वर्गात मराठीतून सांगितली. मराठीच्या तासाला फ्रेंच पुस्तक कशाला, असा प्रश्न आम्हाला विचारला गेला, तो असो. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाने मोक्याच्या महात्मा गांधी संस्थानातून घरच्यांनी काढून आणलेली नोंदवहीची प्रत वर्गात आणली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी प्रत आहे, काहींनी चौकट करून भिंतीवर लावली आहे. नाव, बापाचं नाव, वय, जहाज, जिल्हा, अंगावरची खूण, उंची. त्या पूर्वजाची उंची होती पाच फूट दोन इंच. मुलांनी ती खडूने वर्गाच्या भिंतीवर आखली आणि एकेक जण रेषेखाली उभा राहिला. वर्गातली सर्वांत उंच मुलगी रेषेच्या वर गेली. थोडा वेळ कोणी हसलं नाही. मग प्रत आणणाऱ्या मुलाने विचारलं, "मिस, पण हे बोलायचे काय?"

नोंदवहीत उंची मिळते, डाव्या गालावरचा व्रण मिळतो. माणूस जहाजावर काय गुणगुणत होता, बायकोला कशी हाक मारत होता, हे कारकुनाने विचारलं नाही. नावसुद्धा त्याने आपल्या कानाला आलं तसं लिहिलं, आणि त्या माणसाचं पाळण्यातलं नाव आज आपण त्याच चुकलेल्या स्पेलिंगसकट आडनाव म्हणून लावतो. या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मोक्याला मिळणार नाही. ते आहे आपल्या वह्यांमध्ये.

कोणत्या वह्या ते सांगतो. गणपतीत आपण झाकरी खेळतो. कोकणात तिला जाखडी म्हणतात. गोल धरायचा, मध्ये ढोलकी, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, आणि पाय एका ठेक्यात पडले पाहिजेत. आपल्या बेटावर पहिला गणपती हेन्रिएटा गावात १८९६ साली बसला असं आपण ऐकत आलो आहोत. वाक्वापासून कास्कावेलपर्यंत, जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथे एखाद्या घरात झाकरीची वही असते. शाळेची चाळीस पानी वही, वरचं पान फाटलेलं, आत गाणी, लग्नातल्या हळदीची गाणी, एखादी आरती, आणि मध्येच किराणा मालाचा हिशोब. जुन्या वह्या देवनागरीत आहेत. नंतरच्या रोमन लिपीत, फ्रेंच उच्चारांप्रमाणे लिहिलेल्या, कारण लिहिणाऱ्याच्या कानात मराठी होती आणि हातात फ्रेंच. अशी वही मोठ्याने वाचली तरच कळते. आम्ही अशा काही वह्या हाताळल्या आहेत आणि त्यांत इतर कुठल्याही मराठी पुस्तकात नसलेली मराठी आहे. 'सिरदार' येतो, 'ताब्लिस्मां' येतं, कोकणातला 'माज्या घरा' येतो, आणि त्याच ओळीत क्रिओल क्रियापद येतं.

इथे आम्हाला आमचं मत स्पष्ट सांगायचं आहे, कारण याच कारणावरून अशा पुस्तकाचा एक प्रयत्न अडला. शुद्धलेखन तपासणाऱ्याने 'ताब्लिस्मां' काढून 'उसाचा मळा' केलं, 'माज्या' चं 'माझ्या' केलं, आणि क्रिओल शब्दांवर फुली मारली. भाषा शुद्ध झाली खरी. पण 'उसाचा मळा' म्हटलं की डोळ्यांपुढे सांगलीकडचा स्वतःच्या मालकीचा मळा येतो, विहीर आणि मोट असलेला. आपल्या माणसांनी ज्या जमिनीवर ऊस तोडला ती त्यांची नव्हती, तिच्यावर भोंगा होता, सिरदार होता, गैरहजेरीचा पगार कापला जात होता. 'ताब्लिस्मां' या एका शब्दात ते सगळं आहे. वर्गात आम्हीही 'माझ्या' असंच शिकवतो, परीक्षेत तेच लिहायचं. पण आजीचं गाणं म्हणजे परीक्षेचा पेपर नव्हे.

आपल्याकडचं नवं मराठी लेखन कुठे आहे असं कोणी विचारलं तर आम्ही पुस्तकाच्या दुकानाकडे बोट दाखवत नाही. ते राष्ट्रीय नाट्य महोत्सवात आहे. दरवर्षी आपली मंडळं मराठी नाटक बसवतात. कधी महाराष्ट्रातलं छापील नाटक घेतात, पण पुष्कळदा गावातलाच कोणी, रात्री जेवणं झाल्यावर, स्वतः संहिता लिहितो. सासू आणि मॉलमध्ये नोकरी करणारी सून, कॅनडाला गेलेला मुलगा आणि पूजेला माणूस न मिळणारा बाप, असे विषय. हे आपले लेखक. प्रयोग होतो, बक्षीस मिळतं किंवा मिळत नाही, फोटो निघतात, आणि संहिता? तिच्या झेरॉक्स प्रती नटांबरोबर गेलेल्या असतात, किंवा एखाद्याच्या जुन्या फोनमध्ये असतात. इतक्या वर्षांच्या नाटकांपैकी पाच जरी छापून हाती असती तरी वरच्या वर्गांना वाचायला आम्ही दुसरं काही शोधलं नसतं. आता मुलांना वाचायला पाठ्यपुस्तक आहे, ते चांगलं आहे, आणि त्यापलीकडे महाराष्ट्रातून आलेली गोष्टीची पुस्तकं आहेत, ज्यांत दिवाळीला थंडी असते. आपल्याकडची मुलं विचारतात, दिवाळीला थंडी कशी?

थोडं प्रकाशन समारंभांबद्दल. बोललं नाही तर विषय अपुरा राहील, आणि बोललं तर रागवाल. जेव्हा एखादं मराठी पुस्तक इथे निघतंच, तेव्हा आपण काय करतो? दीप लावतो, शाल देतो, श्रीफळ देतो, सहा भाषणं करतो. भाषण करणाऱ्यांपैकी दोघांनी पुस्तक वाचलेलं असतं, ते कोण ते लगेच कळतं. मग गातो पिमां आणि चहा, आणि पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनासह कपाटात. लेखकाच्या खांद्यावर शाल राहते. पुस्तकातली एकही ओळ त्या संध्याकाळी मोठ्याने वाचली जात नाही. आमची सूचना अशी की पुढच्या प्रकाशनाला तीन भाषणं कमी करावीत आणि त्या वेळात तीन जणांनी पुस्तकातली पानं वाचावीत, त्यातलं एक मूल असावं. मूल वाचणार म्हटलं की त्याचे आई-बाप, काका-मावशी सगळे येतात. सभागृह भरण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हाला ठाऊक नाही.

भोजपुरी बहिणींकडे पाहा. लग्नात बायका जमून म्हणतात ती गीत गवाई. एके काळी ती फक्त म्हाताऱ्यांची, असं मानलं जात होतं. त्यांनी गावागावांत शिकवणीचे वर्ग सुरू केले, गाणी गोळा केली, आणि २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गीत गवाईचं नाव लागलं. आपली झाकरी तिच्याहून कमी नाही, पण यादीत जायचं तर आधी कागदावर असावं लागतं. आणि क्रिओलकडे पाहा. देव वीरासामी क्रिओलमध्ये नाटकं लिहायचे तेव्हा ही काय भाषा आहे का असं शिकलेले लोक विचारत. १९९१ साली त्यांनी शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' वरून 'तूफान' लिहिलं. २०१२ पासून क्रिओल प्राथमिक शाळेत शिकवली जाते. आधी लिहिणारे आले, वाचण्यासारखं काही तयार झालं, मग शाळेचं दार उघडलं.

हे आमच्यासाठी पोटापाण्याच्याही पलीकडचं आहे, जरी पोटाचा प्रश्न आहेच. पालक जेव्हा पहिलीला फॉर्म भरतात तेव्हा मराठी, हिंदी, क्रिओल यांतलं एकच घेता येतं, कारण तास एकाच वेळी असतात. मराठी कुटुंबातले पालक फॉर्म हातात धरून आम्हाला विचारतात, "मिस, मराठी घेऊन तो वाचणार काय?" प्रश्न रास्त आहे. काही शाळांत दोन-तीन इयत्तांची मुलं एकत्र बसवून एकच मराठीचा वर्ग भरतो, आणि आमच्यातल्या काहींना एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावं लागतं. २०२४ साली भारत सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण इथे टाळ्या वाजवल्या. ते अभिमानाचं आहेच. पण फॉर्म भरणाऱ्या आईला त्यातून उत्तर मिळत नाही. तिच्या मुलाच्या हाती त्याच्याच पणजीचं गाणं, त्याच्याच गावातलं नाटक छापून दिलं, तर थोडं मिळेल.

म्हणून आम्ही सहा शिक्षिकांनी मिळून काम सुरू केलं आहे. पहिलं पुस्तक छोटं असेल. झाकरीची गाणी, हळदीची गाणी, आणि एक नाटुकलं. डावीकडे वहीत जसं आहे तसं, उजवीकडे देवनागरीत, खाली अवघड शब्दांचा अर्थ क्रिओलमध्ये, कारण मुलांना अर्थ त्याच भाषेत लवकर समजतो. गाणं कोणाच्या घरून आलं ते त्यांची परवानगी असेल तर लिहू.

सभागृहाच्या मागच्या दाराजवळ टेबल मांडलं आहे. वही आणली असेल तर तिथे द्या, पानांचे फोटो तुमच्यासमोर काढले जातील आणि वही लगेच परत मिळेल. कोणाचीही वही घरी नेली जाणार नाही, हा आमचा पक्का नियम आहे. वहीवर तेलाचे डाग असले तरी चालेल, मधली पानं गेली असली तरी चालेल, किराण्याचा हिशोब तर हवाच. ज्या आजींना, मावश्यांना गाणं तोंडपाठ आहे पण लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीत दोन मुली ध्वनिमुद्रणाची तयारी करून बसल्या आहेत. तिथे पंखा लावला आहे. चहा बिनसाखरेचाही आहे. आणि नाटकवाल्या बंधूंनो, जुन्या फोनमधल्या संहिता चार्जर सापडत असेल तोवरच पाठवा.