ॲट्रोपीन : मात्रा आणि मर्यादा

महाशिवरात्रीच्या दिवशी शंकराच्या पिंडीवर बेलपत्राबरोबर धोतऱ्याचे फूल वाहण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पडीक जमिनीत आपोआप वाढणाऱ्या या झुडपाची गणना आयुर्वेदाने उपविषांत केली, आणि शोधन केल्यावाचून ते वापरू नये असा दंडकही घातला. धोतऱ्यात जी विषारी द्रव्ये असतात, त्यांच्याच कुळातील ॲट्रोपीन हे औषध आज सर्व जगाच्या रुग्णालयांत वापरले जाते. विष आणि औषध यांतील अंतर किती थोडे असते, हे त्याच्याइतके स्पष्टपणे दुसरे क्वचितच कोणी सांगेल.

त्याच्या नावातच ही गोष्ट दडलेली आहे. युरोपातील बेलाडोना या वनस्पतीला लिनीअसने 1753 साली ‘ॲट्रोपा’ हे नाव दिले. ग्रीक पुराणात मनुष्याच्या आयुष्याचा धागा कापणारी जी देवता आहे, तिचे नाव ॲट्रोपॉस. 1831 साली मैन या जर्मन औषधनिर्मात्याने या वनस्पतीतून शुद्ध ॲट्रोपीन वेगळे केले.

ते कार्य कसे करते? आपले कित्येक मज्जातंतू ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या द्वारे आपला निरोप पोचवितात. या निरोपाने हृदय मंदावते, तोंडाला पाणी सुटते, घाम येतो, आतडी हलतात, डोळ्याची बाहुली आकुंचते. 1921 साली ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतूचा निरोप रसायनाच्या रूपाने जातो हे सिद्ध केले, आणि 1936 साली हेन्री डेल यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ॲट्रोपीन हा निरोप स्वीकारणारी जागा अडवून बसते. निरोप येतो, पण दार बंद असते.

म्हणून हृदयाची गती धोकादायक रीतीने मंदावली असता ते टोचतात. डोळे तपासताना बाहुली विस्फारण्यासाठी त्याचे थेंब घालतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धोतऱ्याच्या पानांचा धूर दम्यावर ओढण्याची रीत हिंदुस्थानातून इंग्लंडात गेली. आज तिची जागा ॲट्रोपीनपासूनच घडविलेल्या, परंतु रक्तात व मेंदूत फारशा न शिरणाऱ्या औषधांच्या फवाऱ्याने घेतली आहे.

पण त्याचे सर्वांत मोठे कार्य शेतावर घडणाऱ्या अपघातात दिसते. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके पोटात, श्वासात वा त्वचेवाटे शिरली की ॲसिटिलकोलीनचा निचरा करणारे द्रव्य निकामी होते. निरोपांचा पूर लोटतो. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, लाळ गळते, आणि फुफ्फुसात साचणाऱ्या पाण्याने माणूस कोरड्या जमिनीवर गुदमरतो. एरवी 0.6 मिलिग्रॅमची एक कुपी पुरते, तेथे डॉक्टर काही मिलिग्रॅमपासून आरंभ करतात आणि फुफ्फुसे कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जातात. मात्र विषाने स्नायूंना आलेला लुळेपणा ॲट्रोपीनने जात नाही. त्यासाठी श्वासयंत्र लागते. शिवाय सर्वच कीटकनाशकांवर ते चालतही नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधित झाले आणि कित्येक दगावले. तेथे एकाहून अधिक कीटकनाशकांचा संबंध होता. म्हणून फवारणीनंतर कोणी असा आजारी पडला, तर त्याचे कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. बरोबर त्या औषधाचा डबा न्यावा. त्यावरील नाव डॉक्टरला मार्ग दाखवील.

आता उलट बाजू पाहू. तेच ॲट्रोपीन अकारण किंवा अधिक पोटात गेले, धोतऱ्याच्या बिया कोणी गमतीने वा अजाणता खाल्ल्या, तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावते, घाम न आल्याने अंग तापते, आणि माणूस भ्रमिष्टासारखा बरळू लागतो. लहान मुलांस हे विष फार लवकर चढते. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांना, तसेच पुरःस्थ ग्रंथी वाढून लघवी अडखळणाऱ्या वृद्धांना असली औषधे अपायकारक ठरू शकतात.

येथे एक सूचना आवर्जून केली पाहिजे. ॲट्रोपीनचे काही गुण अंगी असलेल्या कितीतरी गोळ्या घरोघरी असतात : पोटातील कळ थांबविणारे डायसायक्लोमीन, सर्दी-शिंकांवरचे क्लोरफेनिरामीन, कंपवातावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेक गोळी निरुपद्रवी भासते. परंतु त्यांची बेरीज वृद्धाच्या मेंदूवर भारी पडते, आणि विसराळूपणा, गोंधळ व पडणे हे वार्धक्याचेच दोष म्हणून आपण सोडून देतो. तान्ह्या बाळाला पोटदुखीसाठी डायसायक्लोमीन देणे तर सहा महिन्यांच्या आत निषिद्धच होय.

तेव्हा नवीन औषध घेताना आधीची सर्व औषधे डॉक्टरांपुढे ठेवावीत, ही साधी सवय अंगी बाणली पाहिजे. एकच द्रव्य शेतावर गुदमरणाऱ्या मजुराला परत आणते आणि घरात निष्काळजीपणाने दिल्यास आजोबांची शुद्ध हरपविते. औषधाचे गुण द्रव्यात असतात हे खरे. त्यांचा उपयोग मात्र मात्रा आणि विवेक यांच्या स्वाधीन असतो.