हिशेबाची वही मुलांच्या हातात द्या

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला २५ वर्षे पूर्ण झाली, याबद्दल सर्वांचे अभिनंदन. कमिटीने मला ‘शालेय वयात बँकिंग व अर्थव्यवहाराचे शिक्षण’ हा विषय दिला आहे. पेन्शनर माणसाच्या हातात माइक आला की तो लवकर सुटत नाही, म्हणून घड्याळ समोर काढून ठेवले आहे.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. “सायन्सला नाही मिळालं, म्हणून कॉमर्स घेतलं.” व्यवसाय शिक्षणाची गोष्ट तर त्याहून वेगळी. आपल्या महाराष्ट्रात अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, ज्याला सगळे एमसीव्हीसी म्हणत, तो अनेक वर्षे चालत आला. त्यात वाणिज्य गट होता आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकण्याची सोयही होती. पण मुलगा तिकडे गेला, तर घरचे ते जरा आवाज खाली करूनच सांगत. आज सीबीएसईच्या शाळांमध्ये बँकिंग, विमा, करप्रणाली हे कौशल्य विषय म्हणून घेता येतात. तिथेही पालकांचा पहिला प्रश्न असतो, “याने पर्सेंटेज वाढेल का?”

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच एक तुलना दिली आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ या वयोगटातल्या काम करणाऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले आपल्या देशात ५ टक्क्यांहूनही कमी होते. अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६ टक्के. जर्मनीत बँकेचे काम शिकणारा मुलगा काही दिवस व्यवसाय शाळेत आणि काही दिवस प्रत्यक्ष बँकेत असतो. तिथे तो काउंटरवर बसून शिकतो, आणि आपल्याकडचा मुलगा गाइडमधून पाठ करतो. फरक आहे तो एवढाच.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मुलाला बँकेत नोकरी करायचीच नाही. बरं, नको करू दे. पण पैशाशी गाठ तर सर्वांचीच पडते ना? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवता येते. म्हणजे मिसरूड फुटण्याआधी तो बँकेचा ग्राहक होतो!

एक सोपे गणित सांगतो. मुलांनो, मनात करून पाहा. मोबाइलसाठी १२,००० रुपयांचे कर्ज, एका वर्षाची मुदत, व्याज ‘फक्त १० टक्के फ्लॅट’. व्याज झाले १,२००. दरमहा हप्ता १,१००. सरळ दिसतं. पण तुम्ही दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडत आहात. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे १२,००० होते, शेवटच्या महिन्यात फक्त १,०००. सरासरी धरली तर वर्षभर ६,५०० रुपयेच तुमच्या हातात होते. त्यावर १,२०० व्याज म्हणजे दर पडला १८ टक्क्यांच्या आसपास. चक्रवाढ व्याजाचे सूत्र शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. पण कर्जाच्या कागदावर ‘फ्लॅट’ आणि ‘रिड्युसिंग’ हे शब्द शोधायचे असतात, हे कोण सांगतो?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. हल्ली कॉलेजच्या मुलांना कोणीतरी गाठतो आणि म्हणतो, “तुझं खातं आणि एटीएम कार्ड पंधरा दिवस वापरायला दे, काही हजार देतो.” मुलाला वाटतं, आपले कुठे पैसे जातात! त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो. याला ‘म्यूल’ खाते म्हणतात. तक्रार झाली की खाते गोठते आणि चौकशीचा कागद येतो तो ज्याच्या नावावर केवायसी आहे त्याच्या दारात. करिअर सुरू होण्याआधीच पोलीस स्टेशनच्या चकरा. म्हणून सांगतो, टूथब्रश आणि बँक खाते कोणाला वापरायला द्यायचे नसते. आणि फसवणूक झालीच, तर लाजून घरी बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा.

हे सगळे भाषणाने येत नाही. पोहणे काठावर बसून शिकता येत नाही, तसेच हिशेबाचे आहे. हाताने लिहावा लागतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्याकडे प्रयोगशाळा तयार आहे. ती म्हणजे आपल्या सोसायटीचे दप्तर. बारावीच्या पुस्तपालनात नफ्याचा हेतू नसलेल्या संस्थांचे हिशेब हे प्रकरण आहे. आपली सोसायटी म्हणजे दुसरे काय? अकरावीला बँक जुळवणी पत्रक आहे. रोजकीर्दीत ४०,००० शिल्लक आणि पासबुकात ५२,००० का? कारण लिफ्टवाल्याला दिलेला १२,००० चा चेक त्याने अजून भरलाच नाही. ही गोष्ट एकदा स्वतः शोधली की मुलगा जन्मात विसरणार नाही.

सिंकिंग फंड घ्या. उपविधीप्रमाणे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी. खर्च ८ लाख धरला तर वर्षाला २,००० रुपये. तो पैसा रोजच्या खर्चाला नसतो, पुनर्बांधणी किंवा मोठ्या रचनात्मक कामासाठी असतो. इमारत २५ वर्षांची झाली. तिला उद्या किती लागेल आणि आपल्याकडे साठले किती, याचा तक्ता मुलांनी करावा. आपल्यालाच डोळे उघडून बघावे लागेल!

दर रविवारी सकाळी एक तास, तीन महिने. नववी ते बारावीची मुले-मुली, कुठल्याही शाखेची. सह्या आणि रोकड मुलांकडे नाही. थकबाकीदारांची नावे झाकलेली. खजिनदारांनी व्हाउचर दाखवावीत, शिकवायला मी आहे. आणखी दोघे निवृत्त सभासद तयार झाले तर फारच उत्तम.

शेवटी मुलांनी वार्षिक सभेत ताळेबंद वाचून दाखवावा. सध्या आपण सभेला किती येतो, ते सर्वांना ठाऊक आहे. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच दहा जणांत ‘सर्वानुमते मंजूर’ आणि बटाटेवडा. मुलगी हिशेब वाचणार म्हटल्यावर आई-बाबा तरी येतील!

पालकांना एवढीच विनंती, की मुलाला खर्चाला पैसे देता, तेव्हा सोबत एक वहीही द्या. नावे नोंदवायची या रविवारी, ऑफिसमध्ये, दहा वाजता. पेन आपापले आणावे.