एकदाच लिहावे, सर्वांनी वाचावे
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आपल्या देणग्यांतून आलेल्या यंत्रसामग्रीचा उल्लेख अहवालात अन्यत्र आहेच. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कामाविषयी. कार्यालयातील एक्सेलचे तक्ते रुग्णालयाच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडण्याचे हे काम आमच्याच एका चुकीतून सुरू झाले. म्हणून आधी ती चूक सांगतो.

बांधकामावर बिगारी काम करणाऱ्या एका गृहस्थांची पत्नी आपल्याकडे दाखल होती. शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सारे कागद त्यांनी पहिल्याच दिवशी दिले होते. समाजसेवा कक्षाने त्यांची नोंद आपल्या तक्त्यात केली. बिल मात्र मुख्य प्रणालीतून निघत असे. महिनाभराच्या सवलतींची यादी तक्त्यातून प्रणालीत चढविताना या रुग्णाचा नोंदणी क्रमांक जुळलाच नाही. क्रमांकाच्या आरंभी दोन शून्ये होती. एक्सेलने त्यास साधी संख्या समजून ती गाळली. घरी सोडण्याच्या दिवशी त्या गृहस्थांच्या हाती पूर्ण रकमेचे बिल पडले. त्यांनी वाद घातला नाही. व्याजाने पैसे आणून भरले. तीन दिवसांनी चूक उमगली, रक्कम परत केली, क्षमा मागितली. व्याजाची भरपाई आम्ही देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. बिले एका ठिकाणी आणि पात्र रुग्णांची यादी दुसऱ्या ठिकाणी असेल, तर तो हिशेब हातानेच जुळवावा लागतो. आम्ही तो वर्षानुवर्षे तसाच जुळवीत होतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रोजकीर्दीतून खतावणीत नोंद नेताना आकडा चुकतो, हे आम्हांस पहिल्या वर्षी शिकविले होते. संगणक आल्यावर हा धोका संपला, असे आम्ही उगाच धरून चाललो.

भोसरीतील उद्योजकांना हे नवीन नाही. चाकणच्या मोठ्या कारखान्याचे मागणीपत्रक त्यांच्या प्रणालीतून येते, आणि आपल्या शेडमध्ये ते पुन्हा एक्सेलमध्ये टंकले जाते. मायक्रोसॉफ्ट व सॅप या कंपन्यांनी २००६ मध्ये ‘ड्युएट’ नावाचे उत्पादन आणले, ते हीच दरी बुजविण्यासाठी. रजेचा अर्ज वा खर्चाचा आढावा कर्मचाऱ्याने नेहमीच्या ऑफिसच्या खिडकीतच करावा, नोंद मात्र सॅपमध्ये व्हावी, ही त्यामागील कल्पना.

थोरामोठ्यांकडेही चुका होतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनंदिन आकड्यांतून २०२० च्या शरद ऋतूत १५,८४१ करोनाबाधितांच्या नोंदी सुटल्या. प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाइलमधून नेली जात होती, आणि त्या स्वरूपात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध त्यामुळे लांबला.

एक्सेल बंद करावे, अशी सूचना आपल्याकडेही आली. आम्ही ती मान्य केली नाही. लेखा विभागातील भगिनी ज्या सहजतेने तक्ता मांडतात, ती सहजता महागड्या प्रणालीच्या पडद्यावर नाही. म्हणून तक्ता ठेवला. त्याचा उगम बदलला. आता एक्सेल थेट प्रणालीच्या माहितीसाठ्यातून आकडे वाचते. सकाळी तक्ता उघडून ‘रिफ्रेश’ केले की आदल्या रात्रीपर्यंतची बिले, रिकाम्या खाटा व निधीची शिल्लक समोर येते. नोंदणी क्रमांकाचा स्तंभ संख्या नव्हे, मजकूर म्हणून ठरविला आहे. शून्ये जागेवर राहतात.

उलट दिशेने मात्र दार बंद ठेवले आहे. तक्त्यातून प्रणालीत काहीही थेट लिहिता येत नाही. तक्त्याच्या चौकटीतील आकडा कोणी बदलला, याचा माग सहसा उरत नाही. प्रणालीत नोंद करणाऱ्याचे नाव व वेळ राहते. सवलतीची नोंद आता समाजसेवा कक्ष प्रणालीतच करतो, आणि ती ‘प्रलंबित’ असेपर्यंत अंतिम बिल छापले जात नाही. यामुळे बिलाच्या खिडकीवर आरंभी बरीच कुरकुर झाली, रांगाही लांबल्या. आप्तांनी ते सोसले, याची आम्हांस जाणीव आहे.

औषध भांडाराचा साठा अजून वेगळ्या तक्त्यात आहे, आणि दर महिन्याच्या अखेरीस तो हातानेच जुळविला जातो. पुढील टप्पा तोच. त्यासाठीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखविला असून, विश्वस्तांनी त्यावर आजच निर्णय द्यावा, ही विनंती.