पाच गुलाम म्हणजे तीन माणसं

(लोणखेडा येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)

दोस्तांनो, मी गोदीत पोती वाहणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं शाळा बघितली नाय. तरी अमेरिकेच्या घटनेवर बोलणार आहे, कारण तिच्यातलं एक कलम माझ्याच धंद्याचं आहे. मालाच्या मोजणीचं.

१७७६ साली इंग्रजाला लाथ मारताना जेफर्सनने लिहिलं, सगळी माणसं समान जन्मतात. लिहिणाऱ्याच्या मळ्यावर गुलाम राबत होते! पुढं तेरा राज्यं, केंद्र दुबळं, खजिना रिकामा. मॅसॅच्युसेट्सचे कर्जात बुडालेले शेतकरी डॅनियल शेजच्या मागं बंदुका घेऊन उठले, तसे मालदार हादरले. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात पंचावन्न पुढारी दारं लावून घटना लिहायला बसले. त्यात बाई नाही, काळा नाही, मजूर नाही.

त्यांनी बनवलेलं यंत्र मात्र हुशारीचं, हे म्हणायला लाजू नका. राजा नको. कायदा करणारा एक, राबवणारा दुसरा, न्याय देणारा तिसरा. एक माजला तर दुसऱ्याने लगाम ओढायचा. सत्तेने माणूस बिघडतो हे धरूनच बांधलेलं घर. १७९१ त दहा दुरुस्त्या आल्या, बोलायचा-जमायचा हक्क लिहिला गेला.

आणि त्याच कागदावर, राज्याला प्रतिनिधी किती हे ठरवताना गुलाम तीन-पंचमांश! पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. तेही मालकांच्या खुर्च्या वाढाव्यात म्हणून. पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा. पण 'गुलाम' हा शब्द अख्ख्या मसुद्यात कुठं नाही. आपल्याकडचे शास्त्री निदान नाव घेऊन विटाळ मानत होते.

यादवी युद्धात रक्ताचे पाट वाहिले तेव्हा १८६५ ला तेराव्या दुरुस्तीने गुलामी गेली. जोतीबांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अर्पण केली ती या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. पुण्यातला माळी सातासमुद्रापलीकडचं आपलं माणूस ओळखतो, बघा.

पण दहाच वर्षांनी, १८८३ ला, तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला : चौदाव्या दुरुस्तीची समानता सरकारवर बंधनकारक, खाणावळवाल्यावर नाही. म्हणजे सरकारने हाकललं तर गुन्हा, हॉटेलवाल्याने हाकललं तर त्याची मर्जी.

इथंच कान द्या. आपल्याला नुसतं सरकारने छळलं का? आपल्याला गावाने छळलं. विहिरीवर उभा राहणारा काय सरकारी शिपाई नव्हता, पाटलाचा पोरगा होता. बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला गेले, अमेरिका डोळ्यांनी बघून आले. आपल्या घटनेत कलम १५ दुकान, हॉटेल, विहीर, पाणवठा यांची नावं घेतं. कलम १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या कुणालाही धरतं, मग तो शेजारी का असेना. अमेरिकेच्या मसुद्याची नक्कल म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

कलम २३ वेठबिगार बंद करतं. ते १९५० चं. ते राबवणारा, वेठबिगारांचं कर्ज रद्द करणारा कायदा यायला १९७६ उजाडलं. त्याआधीच, १९७२ ला, या शहादा तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली, आदिवासी मजुरांच्या बळावर. मधली वर्षं कुणी खाल्ली, हे आखाजीला साल धरणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा. मी गोदीतला माणूस, एवढं बोललो. आता तुमच्यातल्या कुणी शेतावरचं सांगा, मी खाली बसून ऐकतो.