सतरा उमेदवार, एक तिकीट: गर्दीत जिंकतं कोण?

आज जाऊया अमेरिकेत. विषय आहे तिथल्या मोठ्या निवडणुकीच्या आधी होणारी निवडणूक, म्हणजे प्रायमरी.

आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. तिकडे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार त्या पक्षाचे मतदार ठरवतात. एकेका राज्यात मतदान होतं आणि त्यावरून उमेदवाराला डेलिगेट मिळतात. डेलिगेट म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात तुमच्यासाठी मत देणारा प्रतिनिधी. निम्म्याहून जास्त डेलिगेट मिळाले की उमेदवारी पक्की.

दोनच उमेदवार असतील तर सगळं सरळ आहे. पण सतरा असतील तर?

आधी एक साधं गणित करू. दहा मित्रांच्या ग्रुपवर ट्रिपचा पोल टाकला. गोव्याला चार मतं, लोणावळ्याला तीन, महाबळेश्वरला तीन. म्हणजे सहा जणांना डोंगर हवाय, पण जिंकला समुद्र! कोणी चीटिंग केलेली नाही. मोजणीचा नियमच तसा आहे. मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे मला हे चटकन दिसतं: इनपुट तोच ठेवला आणि फंक्शन बदललं, की आउटपुट बदलतो.

आता २०१६ चा रिपब्लिकन पक्ष बघा. सतरा मोठे उमेदवार. ऑगस्ट २०१५ मध्ये क्लीव्हलँडला पहिली डिबेट झाली तेव्हा सगळे स्टेजवर मावेनात. मग देशभरातल्या पोलची सरासरी काढली, पहिले दहा जण मुख्य डिबेटला घेतले आणि उरलेल्या सात जणांची डिबेट आधी उरकली. अजून एकही मत पडलेलं नव्हतं, तरी चाळणी लागली होती. गंमत म्हणजे दहाव्या नंबरवर जेमतेम आत आलेले जॉन केसिक शेवटी ट्रम्प यांच्यासमोर सगळ्यात शेवटपर्यंत टिकले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साधारण ३२ टक्के मतं मिळाली. रुबिओ आणि क्रूझ दोघेही २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तीनातल्या दोन मतदारांनी ट्रम्प सोडून दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं होतं. डेलिगेट किती मिळाले? ५० पैकी ५०! नियम असा होता की राज्यात आणि त्यातल्या प्रत्येक मतदारसंघात जो पुढे, त्यालाच तिथले सगळे डेलिगेट.

इथे एक मात्र लक्षात ठेवा. रुबिओ नसते तर त्यांची सगळी मतं क्रूझना गेली असती, असं म्हणता येत नाही. काही ट्रम्पनाही गेली असती. अडचण हीच आहे की मतदाराला दुसरी पसंती कोणी विचारलीच नाही. विरोधातले सगळे मात्र एकच आशा धरून बसले होते: आधी दुसरा मागे हटेल. तोपर्यंत उशीर झाला.

चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षात याहून मोठी गर्दी होती. जून २०१९ ची पहिली डिबेट दोन रात्री चालली, रोज दहा उमेदवार. बायडन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. सँडर्स जोरात होते. मग २९ फेब्रुवारी २०२० ला बायडननी साउथ कॅरोलायना मोठ्या फरकाने जिंकलं, आणि पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार दोघांनीही माघार घेऊन बायडनना पाठिंबा दिला. ३ मार्चला, म्हणजे सुपर ट्यूजडेला, १४ राज्यांत मतदान झालं. बायडननी १० जिंकली.

रिपब्लिकन लोकांना जे जमलं नाही ते इथे ४८ तासांत घडलं. पण त्याचा भुर्दंड कोणी भरला? कॅलिफोर्नियात ज्यांनी टपालाने आधीच बुटिजेजना मत पाठवलं होतं, त्यांनी. उमेदवार रिंगणाबाहेर, आणि मत मागे घेता येत नाही.

आता आपल्या जवळचं उदाहरण. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेत गेले. ऑगस्ट २०२२ च्या त्यांच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार साधारण २८ टक्के मतांवर जिंकले. मराठी माणूस जिंकला म्हणून आपल्याला आनंद होणारच. पण डेट्रॉईट हे बहुसंख्य कृष्णवर्णीय शहर. तिथल्या काही नेत्यांनी एकाच कृष्णवर्णीय उमेदवारामागे एकत्र येण्याचा प्रयत्न केला, बाकीचे हटले नाहीत, आणि सुमारे सत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्या शहरातून संसदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी गेला नाही. यात ठाणेदारांचा काही दोष नाही, ते नियमाने जिंकले. पण तिथल्या मतदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

मग उपाय काय? पसंतीक्रम. मतपत्रिकेवर १, २, ३ असे नंबर टाकायचे. सगळ्यात कमी मतं असलेला बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. आपल्याला हे नवीन नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण असंच मत देतो, राष्ट्रपतीही याच पद्धतीने निवडले जातात. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हेच वापरलं. तोटेही आहेत: मोजणी लांबते, आणि वीस नावांना क्रमांक देत बसायला सगळ्यांना वेळ नसतो.

तरी मला ही पद्धत पटते. गर्दीच्या निवडणुकीत निकाल बऱ्याचदा कोण कधी मागे हटतो यावर ठरतो, आणि ते ठरतं उमेदवारांच्या आपापसातल्या फोनवर. नंबर टाकायला मिळाला की तो निर्णय मतदाराच्या हातात येतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अमुक उमेदवार २८ टक्क्यांसह आघाडीवर’ अशी बातमी दिसली, की स्वतःला दोनच प्रश्न विचारा. उरलेले ७२ टक्के कुठे आहेत? आणि मोजणीचा नियम काय आहे?

तुमच्या ग्रुपमध्ये पुढचा ट्रिपचा पोल टाकाल तेव्हा पसंतीक्रम लावून बघा, आणि निकाल बदलला का ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!