माडाचे काय विकावे, काय राखावे



हल्ली कुठल्याही गावात गेलो की विचारणा होते, "साहेब, झावळ्या, सोडणे, करवंट्या विजेच्या कारखान्याला लागतात म्हणे. विकू का सगळं?" विचारणे रास्त आहे. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के काडीकचऱ्याच्या कांड्या मिसळून जाळाव्यात आणि पुढे ७ टक्क्यांवर जावे, असे धोरण केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले. आपल्या जयगडला तर १२०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र आहे. तेव्हा परसातला कचरा आता पैसा देईल, असे वाटणारच.

मलेशिया-इंडोनेशियात पामतेलाच्या झाडाच्या मोठमोठ्या बागा आहेत. हे झाड म्हणजे आपल्या माडाचा भाऊबंदच. त्याच्या बीचे कठीण कवच जहाजे भरभरून जपानच्या वीज केंद्रांना जाते. फळे काढलेला रिकामा घड मात्र बराचसा पुन्हा बागेतच पसरतात. त्यात पालाश फार. भट्टीत तो वितळतो आणि कढईला काकवी धरावी तसा बॉयलरच्या नळ्यांना थर धरतो. भट्टीला जे नको, तेच नेमके जमिनीला हवे.

आपल्या माडाचेही तसेच आहे. करवंटीत राख थोडी, आच भरपूर. ती खुशाल विका. पण कांड्यावाल्याला देण्याआधी कोळसा पाडणाऱ्याचाही भाव विचारा, कारण पाणी शुद्ध करायचा कोळसा करवंटीपासूनही होतो. पावसाआधी पोती पडवीत घ्या; ओल्या मालाला भाव पडतो.

सोडण आणि झावळी विकायची घाई करू नका. गुहागरकडच्या एका बागायतदारांनी एका उन्हाळ्यात दोन्ही विकून बाग लख्ख केली. आळी उघडी पडली. पुढच्या एप्रिलात शिंपणे दुपटीवर गेले, विहीर तळाला लागली, कोवळी फळे गळाली. ट्रकभाडे जाऊन जे हातात आले ते पंपाच्या बिलात गेले. त्यांच्याकडे मी आधी पोचायला हवे होते, ही माझी कसूर.

सोडण आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट पाणी धरते आणि पुरलेले सोडण पाच-सहा वर्षे टिकते. आपल्या जांभ्या जमिनीत आणि किनाऱ्याच्या पुळणीत याची किंमत पैशात कशी करणार? आळ्यात पसरताना सोडणाची पाठ वर ठेवा. चरात पुरताना पोट वर, म्हणजे वाटीसारखे पाणी धरेल. प्रत्येक थरावर माती ओढा. माडाला वर्षाला बारा-तेरा झावळ्या पडतात, त्या दोन-तीन तुकडे करून त्याच माडाच्या आळ्यात घाला. पाऊस सरता सरता हे काम उरका.

घरी काजू फोडणाऱ्यांसाठी एक सांगतो. बीच्या वजनात साधारण ७० टक्के टरफलच असते. ते चुलीत घालू नका. त्यातल्या तेलाने अंगावर फोड उठतात आणि धुराने डोळे चुरचुरतात. तेल काढणाऱ्याला ते विका. तेल निघाल्यावर उरलेली पेंड बॉयलरला उत्तम चालते. बोंडे मात्र खताच्या खड्ड्यात टाका.

माडाबद्दल आणखी काही विचारायचे असल्यास भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात जाऊन या.