कॉम्प्युटर बंद करू नका

आजचा विषय आहे डिस्कचं पार्टिशन टेबल उडालं आणि कॉम्प्युटर मात्र अजून चालू आहे, तर काय करायचं.

आमच्या भिलाईत, सेक्टर 10 मध्ये, माझ्या क्वार्टरपासून तीन स्ट्रीट पलीकडे एक काका राहतात. प्लांटमधून रिटायर झालेले, मूळचे विदर्भातले. त्यांनी आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर भरल्या होत्या आणि नंतर कॉम्प्युटरवर घेतल्या. आई आता नाही, कॅसेटही वाजत नाहीत. त्यांच्या भाच्याला पेन ड्राइव्हचा पहिला सेक्टर शून्याने पुसायचा होता. त्याने डीडी कमांडमध्ये 'एसडीबी'ऐवजी 'एसडीए' लिहिलं. एका अक्षराचा फरक! पुसला गेला तो मुख्य डिस्कचा पहिला सेक्टर.

काकांचा फोन आला. "अरे, हा म्हणतो सगळं गेलं. रिस्टार्ट करून पाहू का?"

मी म्हटलं, "काका, हात लावू नका. रिस्टार्ट नको, बंदही नको. यूपीएस लावलेला आहे ना? मी येतो."

नक्की काय गेलं होतं ते पाहू. जुन्या एमबीआर पद्धतीत पहिल्या सेक्टरमध्ये 512 बाइट असतात. त्यातले पहिले 446 बूटच्या कोडसाठी, पुढचे 64 पार्टिशन टेबलसाठी आणि शेवटचे दोन खुणेचे. 64 बाइटमध्ये चार नोंदी, प्रत्येकी 16 बाइटची. कोणतं पार्टिशन कुठून सुरू होतं आणि किती मोठं आहे, एवढंच त्यात असतं. ओव्या तिथे नव्हत्याच, त्या डिस्कवर पुढे सुखरूप होत्या.

आता गंमत पाहा. लिनक्सचा कर्नल हे टेबल सुरुवातीला वाचतो आणि मेमरीत ठेवतो. डिस्कवरचं पुसलं तरी त्याच्याकडची माहिती तशीच राहते, म्हणून फाइल उघडत होत्या. रिस्टार्ट केलं असतं तर ही एकमेव प्रत गेली असती.

पहिलं काम म्हणजे ओव्यांचं फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घेणं. पुष्कळ जण आधी टेबल दुरुस्त करायला धावतात. मला ते पटत नाही. पावसाचे दिवस होते, वीज कधी जाईल सांगता येत नाही.

मग 'सिस' फोल्डरमध्ये 'ब्लॉक', त्यात 'एसडीए', त्यात प्रत्येक पार्टिशनचं फोल्डर. तिथे 'स्टार्ट' आणि 'साइझ' अशा दोन छोट्या फाइल असतात, आकडे 512 बाइटच्या सेक्टरमध्ये. पहिल्या पार्टिशनचा स्टार्ट 2048, साइझ 9,76,54,784, म्हणजे सुमारे 50 जीबी. पाचव्याचा, म्हणजे होमचा, स्टार्ट 9,76,58,880 आणि साइझ 87,91,12,192. हे मी वहीत उतरवून घेतले. हो, कागदावर!

दुसरं पार्टिशन एक्स्टेंडेड होतं. त्याचा स्टार्ट 9,76,58,878, पण साइझ फक्त 2. इथे फसू नका. एक्स्टेंडेड पार्टिशनची साइझ कर्नल मुद्दाम एवढीशी दाखवतो. खरी साइझ आपण काढायची, पाचवं पार्टिशन जिथे संपतं तिथपर्यंत. पाचवं दोन सेक्टर पुढे सुरू होतं, म्हणून त्याच्या साइझमध्ये 2 मिळवले: 87,91,12,194.

मग एसएफडिस्कला तीन ओळींची फाइल दिली: स्टार्ट, साइझ आणि प्रकार. लिनक्सचा प्रकार 83, एक्स्टेंडेडचा 5. डिस्क वापरात आहे म्हणून तो आधी नकार देतो, तेव्हा 'नो-रीरीड' हा पर्याय द्यावा लागतो. कर्नलकडे आधीच बरोबर माहिती असते, त्यामुळे त्याने पुन्हा वाचण्याची गरज नसते. मात्र पार्टिशन फॉरमॅट करायची कमांड या सगळ्यात कुठेही येत नाही. कुणी सुचवली तर त्याला चहा द्या आणि कीबोर्डपासून लांब बसवा.

बूटचे 446 बाइटही गेलेले होते, म्हणून ग्रब पुन्हा बसवला. डिस्कवरचे आकडे वहीशी ताडून पाहिले, आणि मगच रिस्टार्ट. भाचा तेवढा वेळ दाराबाहेर उभा होता. लॉगिनचा पडदा आला तसा आत आला.

कॉम्प्युटर आधीच बंद झाला असेल तर? तेव्हा टेस्टडिस्क वापरा. तो डिस्कभर फाइल सिस्टिमच्या खुणा शोधतो. लिनक्सच्या एक्स्ट प्रकारात पार्टिशनच्या सुरुवातीपासून 1024 बाइटवर सुपरब्लॉक असतो, त्यावरून सुरुवात आणि साइझ दोन्ही कळतात. वेळ लागतो, आणि कधी जुन्या, मोडलेल्या पार्टिशनच्या खुणाही सापडतात, त्यांतून खरं निवडावं लागतं. नव्या जीपीटी पद्धतीत टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, ती जीडिस्क वापरून परत आणता येते.

निघताना एसएफडिस्कचा डम्प काढून काकांच्या पेन ड्राइव्हवर ठेवला. काही ओळींची फाइल, एक केबीसुद्धा नाही. पेन ड्राइव्ह तोच, जो भाच्याला पुसायचा होता.